नाटकाच्या रात्रीचा बंदोबस्त : झाडीपट्टीतल्या मंडळांनी तो कसा आखावा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकं सुरू होतात. वडसा, सिंदेवाही, नागभीड, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, कुरखेडा, या पट्ट्यातल्या मोठ्या गावात एकेका रात्री हजारोंनी माणूस कनातीच्या आत बसलेलं असतं आणि बाहेर चहा-भज्यांच्या दुकानांभोवती आणखी गर्दी असते. शहरातल्या नाट्यगृहाला पक्क्या भिंती असतात, दारं मोजून ठेवलेली असतात, अग्निशमनाचा दाखला असतो. इथं धान कापलेल्या बांधीत चार-आठ दिवसांत नाट्यगृह उभं राहतं आणि सकाळी मोडलंही जातं. बंदोबस्त म्हणून बहुतेक मंडळांकडे असतो तो ठाण्यात दिलेला एक अर्ज आणि फाटकावर दांडा घेऊन उभी केलेली चार पोरं.

‘आपल्या खेड्यात कोण येते बॉम्ब ठेवायले?’ हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत हमखास येतो. शक्यता कमी आहे, हे खरंच. पण घातपातासाठी जी तयारी लागते, तीच आगीत आणि चेंगराचेंगरीत कामाला येते, आणि या दोन गोष्टी आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाहीत. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागली. वर सिंथेटिक कापड, बाहेर पडायला एकच वाट. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक लेकरं. त्याच्या आदल्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९९४ ला, नागपुरात गोवारींच्या मोर्चात चेंगरून ११४ जणांचा जीव गेला. दोन्हीकडे बॉम्ब नव्हता.

घातपाताच्या बाबतीत मात्र एक घटना प्रत्येक मंडळानं नीट समजून घ्यावी. २२ मे २०१७ ला इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या मोठ्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम संपला, लोक बाहेर पडू लागले आणि दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत स्फोट झाला. २२ माणसं मेली. हल्लेखोर तपासणी ओलांडून आत गेलाच नव्हता. तो बाहेर, न्यायला आलेल्या आईबापांच्या गर्दीत थांबला होता. एका पालकाला त्याचा संशय आला आणि त्यानं स्फोटाच्या साधारण पंधरा मिनिटं आधी तिथल्या कर्मचाऱ्याला तसं सांगितलंही. त्या कर्मचाऱ्याकडे वायरलेस नव्हता. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याचा वायरलेस लागला नाही, आणि निरोप निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही. पुढे ब्रिटननं २०२५ मध्ये कायदा करून दोनशे किंवा त्याहून अधिक माणूस जमू शकणाऱ्या जागांवर अशा हल्ल्यासाठी तयारी ठेवण्याची जबाबदारी टाकली. आपल्या नाटकाला दोनशेच माणूस आलं तर नाटक कंपनी पुढच्या वर्षी तारीख देणार नाही!

म्हणून या लेखातली सगळी कामं दोन गोष्टींभोवती आहेत. कनातीच्या बाहेरची गर्दी ही आपलीच जबाबदारी मानायची. आणि कोणाला काही खटकलं तर ते दोन मिनिटांत एका ठरलेल्या माणसाच्या कानावर जाईल अशी सोय करायची.

महिनाभर आधी

बंदोबस्ताचा प्रमुख एकच असावा, आणि तो अध्यक्ष किंवा खजिनदार नसावा. अध्यक्षाला त्या रात्री आमदारांचं स्वागत करायचं असतं, खजिनदाराचं डोकं तिकिटाच्या गल्ल्यात असतं. निवृत्त फौजी, माजी होमगार्ड, शाळेतले खेळाचे सर, असा कोणी पाहावा. त्याच्या हातात नाटक थांबवण्याचा अधिकार लेखी द्यावा. हा ठराव मंडळाच्या वहीत घ्या, कारण ऐन वेळी ‘तू कोण थांबवणारा?’ असं विचारणारे दहाजण निघतात.

मग पोलीस पाटलांना सोबत घेऊन ठाणेदारांना भेटा. परवानगीच्या अर्जासोबत जागेचा नकाशा, अंदाजे गर्दी, स्वयंसेवकांची यादी आणि प्रमुखाचा मोबाइल नंबर द्या. बॉम्ब शोधक व नाशक पथक जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, ते तुमच्या गावात यायला किती वेळ लागेल हे सरळ विचारा. तेवढा वेळ तुम्हालाच निभवायचा आहे. मोठा पाहुणा येणार असेल तर आधी तपासणी होऊ शकते का, तेही तेव्हाच ठरतं.

गडचिरोलीतल्या मंडळांनी एक पाऊल पुढे जाऊन पोलीस सांगतील तोच रस्ता आणि तीच वेळ मानावी. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. पुलाखाली डोकावणं, रस्त्यावरची अनोळखी वस्तू काठीनं हलवून पाहणं, हे स्वयंसेवकाचं काम नाही, कितीही धीट असला तरी.

प्राथमिक आरोग्य केंद्रातही याच वेळी जाऊन या. त्या रात्री ड्यूटीवर कोण, ग्रामीण रुग्णालय किती दूर, १०८ ची गाडी कुठं उभी असते, हे कागदावर उतरवा.

जागा आणि नकाशा

नकाशा म्हणजे इंजिनिअरचं ड्रॉइंग नको. शाळेच्या वहीचं दुहेरी पान घ्या. रंगमंच, कनात, फाटकं, जनरेटर, दुकानांची रांग, वाहनतळ, बोडी (लहान तळं), विहीर, तणसाचे ढीग, पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंज्या), जवळची पांदण, सगळं काढा. मग गर्दी कुठं थांबते ते लाल पेनानं रंगवा. तिकीट खिडकीसमोर, फाटकासमोर, मध्यांतरात चहाच्या दुकानापुढे, आणि पहाटे नाटक सुटल्यावर वाहनतळाच्या तोंडाशी. हे चार लाल ठिपके तुमचे खरे नाजूक बिंदू. रंगमंचापुढची बैठक त्या मानानं बरी, कारण तिथं प्रत्येक माणूस शेजाऱ्याला ओळखतो.

हे ठिपके लहान करायचे उपाय स्वस्त आहेत. तिकीट खिडकी फाटकापासून चांगली शंभर पावलं दूर न्या. फाटक नाटकाच्या दीड-दोन तास आधी उघडा, म्हणजे बाहेर ढीग जमत नाही. चहाची सगळी दुकानं एकाच बाजूला लावू नका.

आता निघण्याच्या वाटा. इथं थोडं गणित करावंच लागतं. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ऐंशी माणसं बाहेर पडतात. समजा आत चार हजार माणूस आहे आणि तीन-तीन मीटरची दोन फाटकं आहेत. सहा मीटर गुणिले ऐंशी म्हणजे मिनिटाला ४८० माणसं, म्हणजे आठ मिनिटांहून थोडं जास्तच. एका फाटकाजवळच काही घडलं आणि ते बंद पडलं तर सतरा मिनिटं, आणि घाबरलेला माणूस सतरा मिनिटं रांगेत उभा राहत नाही. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी आठ मिनिटांची कमाल मर्यादा धरतात. म्हणून तीन मीटरच्या किमान चार वाटा हव्यात, चारी दिशांना. त्यातल्या दोन रोजच्या आणि दोन फक्त अडचणीच्या वेळच्या.

या आणीबाणीच्या वाटा करायला खर्च नाही. डेकोरेशनवाल्याला सांगा की त्या दोन ठिकाणी कनात शिवून किंवा तारेनं बांधून टाकायची नाही. दोन पडदे एकमेकांवर दोन हात चढवून ठेवायचे, ढकललं की उघडतील असे. वर हिरवा दिवा, आत-बाहेर एकेक स्वयंसेवक. आणि बाहेरची जमीन पाहा. फुकटे आत शिरू नयेत म्हणून काही ठिकाणी कनातीच्या बाहेर बोराट्या-बाभळीच्या काट्या रचतात किंवा काटेरी तार ओढतात. पंचवीस फुकटे थांबवण्यासाठी हजारोंची वाट बंद करायची, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. काट्या लावायच्याच असतील तर या दोन वाटांपुढची दहा-दहा मीटर जागा मोकळी सोडा, मधला धुरा (शेताचा बांध) फोडून सपाट करा, आणि वाट बोडीच्या दिशेनं उघडत नाही ना, ते अंधारात जाऊन बघा. प्रेक्षकांना उतार मिळावा म्हणून बैठकीची जमीन खोदली असेल तर या वाटांशी पायऱ्या नकोत, मुरूम टाकून उतरण करा.

तणस आणि पुंजणे कनातीपासून दूर. जनरेटर आणि डिझेलचे डबेही दूर, आणि त्याच्याजवळ एक माणूस कायम. फुगेवाल्याची गॅसची टाकी आणि भज्यांच्या दुकानातलं सिलिंडर फाटकाजवळ बिलकुल नको.

शंकरपटही असेल तर बैलांची बांधण्याची जागा निघण्याच्या वाटांपासून वेगळ्या बाजूला ठेवा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि पट पुन्हा जोमात सुरू झाले आहेत. बुजलेली जोडी पळत्या गर्दीत घुसली तर काय होईल, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गाड्यांची वाट

१४ जुलै २०१६ ला फ्रान्समधल्या नीसमध्ये एकानं ट्रक गर्दीत घातला, ८६ माणसं मेली. स्फोटकं लागली नाहीत. आपल्याकडे दारू प्यालेला ट्रॅक्टरवालाही तेच नकळत करू शकतो.

फाटकासमोर येणाऱ्या रस्त्यावर रेतीनं किंवा मुरमानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एकमेकींच्या पुढे-मागे, आडव्या लावा. मोटारसायकल आणि माणूस आरामात जाईल, मोठ्या गाडीला वळसा घेत हळूच यावं लागेल, असं अंतर ठेवा. ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडलेलाच राहू द्या आणि चालक किल्लीसह तिथंच बसलेला हवा, नाहीतर रुग्णवाहिका अडेल. तिच्यासाठी वेगळी पांदण मोकळी ठेवणं सगळ्यात चांगलं. वाहनतळ कनातीपासून किमान शंभर मीटर. सायकली आणि मोटारसायकली कनातीला टेकवून लावू द्यायच्या नाहीत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर आणि २०१३ च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या दिलसुखनगरात स्फोटांसाठी सायकली वापरल्या होत्या.

फाटकावरची तपासणी

धातुशोधक यंत्र भाड्यानं आणता येतं, आणलंत तर उत्तम. पण ते चुन्याच्या डबीला वाजतं, अडकित्त्याला वाजतं, चाव्यांच्या जुडग्याला वाजतं. तासाभरात पोरं कंटाळतात आणि वाजलं तरी ‘जा, जा’ म्हणतात. तशा यंत्रापेक्षा दोन टेबलं आणि चार समजूतदार माणसं बरी.

आपली खरी अडचण वेगळी आहे. पौषाच्या थंडीत रात्रभर बसायचं म्हणून प्रत्येक कुटुंब गाठोडं घेऊन येतं. गोधडी, चादर, सतरंजी, लेकराचे कपडे, डबा, पाण्याची कॅन. हजार कुटुंबं, हजार गाठोडी. यावर उपाय म्हणजे रांगा वेगळ्या करणं. रिकाम्या हातानं येणाऱ्यांची एक रांग झपाट्यानं जाऊ द्या. सामानवाल्यांची दुसरी, टेबलासमोर. गाठोडं ज्याचं त्यानंच सोडायचं, स्वयंसेवकानं हात घालायचा नाही. ‘काकू, एकदा उकलून दाखवा, मग बसा निवांत,’ एवढं पुरतं. बाईची झडती बाईनंच घ्यायची, आडोशाला. बचत गटातल्या महिला हे काम पुरुषांपेक्षा चोख करतात, असा माझा अनुभव आहे. पाहून झालं की गाठोड्याला त्या रात्रीच्या रंगाची चिंधी बांधा. आत चिंधी नसलेलं सामान दिसलं की लगेच कळतं.

तपासणी सगळ्यांची सारखी. सरपंच, पाहुणे, कंपनीचे कलाकार, साऊंडवाले, कोणालाही सूट नाही. कंपनीचा ट्रक मागच्या बाजूनं येतो आणि त्याकडे कोणी बघत नाही. पेट्या उतरवताना मंडळाचा एक माणूस तिथं हवा. नाटकातल्या नकली बंदुका आणि फटाक्यांची यादी कंपनीकडून आधी घ्या आणि ठाण्यात दाखवा. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या बाताक्लाँ सभागृहात गोळीबार सुरू झाला तेव्हा कित्येकांना सुरुवातीला तो कार्यक्रमातलाच आवाज वाटला. तिथं ९० जण मारले गेले. आपल्या नाटकांत तर तिसऱ्या अंकात बार उडतोच. कोणत्या प्रवेशात किती आवाज, हे बंदोबस्तप्रमुखाला तोंडपाठ हवं.

आणखी एक प्रथा बंद करावी लागेल, आणि तिथं भांडण होईल. दुपारीच येऊन सतरंजी अंथरून जागा धरायची आणि घरी जेवायला निघून जायचं. संध्याकाळी मैदानात पन्नास बेवारस सतरंज्या, पिशव्या, उशा. त्यातली कोणती संशयास्पद, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. फाटक उघडायच्या आधी मैदान पूर्ण रिकामं, एकदा रांगेनं चालून तपासलेलं, आणि त्यानंतर माणूस बसला असेल तरच जागा. आदल्या दिवशी दवंडी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, तरीही पहिल्या वर्षी शिव्या खाव्या लागतीलच.

दुकानदारांचं काम सोपं आहे. खेळणीवाले, पाळणेवाले, भज्यांवाले, सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर, ओळखपत्राचा फोटो घ्या आणि प्रत्येकाला जागेचा नंबर द्या. परप्रांतातून आलेल्याला जो नियम तोच गावच्या चहावाल्याला. दुकानदार रात्रभर एका जागी बसतो आणि सगळ्यांना बघतो, त्याच्याइतका चांगला पहारेकरी नाही, म्हणून त्याच्याशी नीट वागा.

स्वयंसेवकांनी काय पाहायचं

चाळीस-पन्नास जण पुरतात, पण प्रत्येकाला ठरलेली जागा हवी. निम्मे कनातीच्या बाहेर, त्या लाल ठिपक्यांवर. ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यांना पुढे करा. प्यालेला एकही नको, आणि मध्यांतरात पाळी बदलली पाहिजे. पहाटे तीनला डोळे मिटू लागतात.

चेहरा, कपडे, भाषा, दाढी यांवरून संशय घ्यायचा नाही. तसं केलं की निरपराध पाहुण्याला मार बसतो आणि खरा माणूस निसटतो. पाहायचं ते वागणं. कोणी तिकीट न काढता फाटकांभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालतो आहे. नाटक सोडून जनरेटरचे, वाटांचे, पोलिसांच्या जागेचे फोटो काढतो आहे. जड पिशवी ठेवून घाईनं दूर जातो आहे. नाटक सुटायच्या वेळी फाटकाजवळ थांबला आहे, पण कोणाला न्यायला आल्यासारखा दिसत नाही. अशा वेळी जवळ जाऊन नमस्कार करायचा आणि विचारायचं, ‘कोणाकडे आले जी पाहुणे?’ झाडीपट्टीत हा प्रश्न कोणालाही विचारता येतो आणि कोणाला रागही येत नाही. नाटकाला आलेला माणूस लगेच कोणाचं तरी घर सांगतो. उत्तर अडखळलं, तर वाद घालायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. दूर होऊन निरोप द्यायचा.

हा निरोपच सगळ्यात महत्त्वाचा. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क झोपतं, हे गृहीत धरा. भाड्याचे वॉकीटॉकी मिळाले तर सहा-सात घ्या, फाटकं, वाहनतळ, रंगमंच आणि प्रमुख यांच्यासाठी. नाही मिळाले तर प्रत्येक ठिकाणी जोडी उभी करा. एक नजर ठेवतो, दुसरा पळत जाऊन सांगतो. प्रमुख रात्रभर एकाच जागी, रंगमंचाच्या बाजूला, लाल टोपी घालून. त्यानं फिरायचं नाही. शोधावा लागणारा प्रमुख काय कामाचा? त्याच्याजवळ पोलिसांचा एक माणूस आणि एक वही. निरोप आला की वेळ, कोणी सांगितलं, काय ठरलं, तीन शब्दांत नोंद.

दुपारी एकदा सराव करा. ठाण्यात आधी कळवून, आत ‘सराव’ अशी चिठ्ठी घातलेली साधी पिशवी दुकानांच्या रांगेत ठेवा, स्वयंसेवकांना न सांगता. ती दिसल्यापासून प्रमुखाला कळेपर्यंत किती मिनिटं गेली, ते घड्याळावर पाहा. दोनहून जास्त लागली तर कडी कुठं तुटली ते शोधून पुन्हा करा.

बेवारस पिशवी दिसली तर

२०१० च्या १३ फेब्रुवारीला पुण्याच्या जर्मन बेकरीत बेवारस पिशवीतल्या स्फोटानं १७ माणसं मारली, तरीही पिशवी दिसली की उचलून ‘कोणाची हाय ही?’ ओरडायची सवय जात नाही. हात लावायचा नाही, हलवायची नाही, पाणी टाकायचं नाही. आसपासच्या दहा-वीस जणांना विचारा. मालक सापडला तर प्रश्न मिटला, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो लघवीलाच गेलेला असतो.

नाही सापडला, तर तीन गोष्टी बघा. मुद्दाम लपवलेली आहे का? तार, बॅटरी, विचित्र वास, असं उघड काही आहे का? अशा जागी अशी वस्तू नेहमी असते का? सतरंजीजवळ डब्याची पिशवी नेहमीची, जनरेटरखाली कोंबलेला डबा नेहमीचा नाही. शंका उरली तर ११२ ला फोन, पण पंधरा मीटरच्या आत मोबाइल-वॉकीटॉकी वापरू नका. लहान पिशवी असेल तर चारी बाजूंनी किमान शंभर मीटर जागा रिकामी, मोटारीसाठी दोनशे, ट्रकसाठी चारशे. म्हणजे पिशवीसाठीही बहुधा सगळी कनात रिकामी करावी लागेल. तो निर्णय प्रमुखानं आणि पोलिसांनी मिळून घ्यायचा. लोकांना कोणत्या बाजूनं काढायचं ते पिशवी कुठं आहे यावर ठरतं. तिच्या जवळून जाणारी वाट बंद.

माईकवरचे शब्द

रिकामं करा म्हणताना जे बोललं जाईल त्यावर चेंगराचेंगरी होणार की नाही हे ठरतं. ‘बॉम्ब’, ‘पळा’, ‘आग’ हे शब्द माईकवर येता कामा नयेत. आमच्या भागात ‘वाघ आला’ ही हाक तर बॉम्बपेक्षाही जलद पळवते, आणि ब्रह्मपुरीकडे ती खोटीही म्हणता येत नाही. मजकूर आधी लिहून, जाड अक्षरात, रंगमंचाच्या कडेला चिकटवा: ‘मंडळी, तांत्रिक कारणानं नाटक थोडा वेळ थांबवत आहोत. सामान जागेवरच राहू द्या, लेकरांचा हात धरा. रंगमंचाच्या डाव्या हाताला बसलेले डावीकडच्या हिरव्या दिव्याकडे, उजवीकडचे उजवीकडच्या हिरव्या दिव्याकडे सावकाश चला. स्वयंसेवक दाखवतील.’ दोनदा, संथ. बोलणारा लोकांच्या ओळखीचा असावा. नाटकातल्या लोकप्रिय नटाला किंवा विनोदी कलाकाराला आधी तयार करून ठेवा. त्याचं लोक अध्यक्षांपेक्षा जास्त ऐकतात.

त्याआधी स्वयंसेवकांना जागेवर आणायला एक साधं वाक्य ठरवा. ‘मंडळाचे भांडारप्रमुख रंगमंचामागे या’ असं ऐकलं की सगळ्यांनी आपापल्या वाटेवर उभं राहायचं, पडदे उघडायचे. माईक आणि हिरवे दिवे बॅटरीवरही चालायला हवेत, कारण जनरेटर बंद पडला की पहिला अंधार तिथंच होतो.

घडलंच तर

गोळीबार झाला तर माईकची वाट पाहायची नाही. आवाजापासून दूर पळायचं, कनात फाडून जावं लागलं तरी. पळता येत नसेल तर मातीच्या धुऱ्याआड किंवा खोलगट जागेत लपायचं, मोबाइल मुका करायचा, सुरक्षित झाल्यावर ११२ ला सांगायचं. कापडामागे लपून उपयोग नाही, त्यातून सगळंच आरपार जातं.

स्फोट झाला तर लोक एकाच ठिकाणी जमतील असं काही करू नका. दुसरा स्फोट जमलेल्या गर्दीसाठी ठेवलेला असू शकतो. अहमदाबादेत २६ जुलै २००८ ला जखमींना नेलेल्या रुग्णालयांतही स्फोट झाले होते. चालता येणाऱ्यांना बाहेर काढा. ज्याच्या जखमेतून रक्त उसळतं आहे त्याच्या जखमेवर दुपट्ट्याची घडी करून दोन्ही हातांनी जोर लावून दाबा आणि सोडू नका. हाता-पायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर, चार बोटं सोडून, रुंद पट्टा काठीनं पिळून घट्ट बांधा आणि बांधल्याची वेळ त्याच्या कपाळावर पेननं लिहा. आशाताई आणि पंधरा-वीस पोरांना हे आरोग्य केंद्रात आधी शिकवून घ्या. १०८ ची गाडी येईपर्यंतची वीस-तीस मिनिटं यावरच जगायचं असतं. गंभीर जखमी कुठं न्यायचे हे डॉक्टर सांगतील, सगळ्यांना एकाच ग्रामीण रुग्णालयात कोंबू नका.

पडलेल्या वस्तूंना हात नाही. व्हिडिओ फिरवणं नाही.

पहाटे

काही घडलं नाही तरी शेवटची घंटा झाल्यावर बंदोबस्त सैल करू नका. मँचेस्टरची वेळ हीच होती. शेवटच्या प्रवेशाच्या अर्धा तास आधी निम्मे स्वयंसेवक वाहनतळाकडे आणि रस्त्याच्या तोंडाशी पाठवा, चारही वाटा उघडा, ट्रॉल्या शेवटची बैलगाडी जाईपर्यंत हलवू नका. माईकवरून बैठकीचे भाग एकेक करून सोडा, गादीवाले आधी, मग खुर्चीवाले.

मैदान रिकामं झालं की पुन्हा रांगेनं चाला. राहिलेलं सामान चिंधी बघून गोळा करा, चिंधी नसेल तर वर सांगितलेलं सगळं लागू. कॅमेरे लावले असतील तर चित्रण महिनाभर पुसू नका. प्रमुखाची वही, स्वयंसेवकांची यादी आणि नकाशा मंडळाच्या पेटीत ठेवा आणि दोन दिवसांत ठाणेदारांना दाखवून या. पुढच्या हंगामाचा अर्ज त्याच वहीला जोडायचा आहे.